मामांच्या तबकड्या: प्रकल्प नोंदी (गदिमा-बाबूजी विभाग)

४ मे २०२४, शनिवार, सांगली

शेवटी मामांचं कपाट उघडलं. मामी दोन वर्षं म्हणत होती की येऊन घेऊन जा नाहीतर भंगारवाल्याला देईन, देणार कधीच नव्हती म्हणा, पण आलो एकदाचे. आलो म्हणजे मी आणि दादा, घर त्याचंच आहे पण यादी करायची वेळ आली की तो पाहुणा होतो.

मोजदाद: लाखेच्या ७८ आरपीएम तबकड्या ६४, त्यातल्या ३ फुटलेल्या. एलपी आणि ईपी (नंतरच्या, व्हिनाइलच्या) मिळून ४१. कॅसेटची दोन खोकी, मोजली नाहीत. मामांची वही १, दुकानात खतावणी असते तसली लांबडी, लाल कापडाची.

भानगड अशी की एलपी वरच्या कप्प्यात आणि तबकड्या खालच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा या खोलीत कमरेएवढं होतं. आणि त्यातही नशीब बघा, ते वर्ष दोघांच्याही शताब्दीचं. बाबूजी (संगीतकार-गायक सुधीर फडके) २५ जुलै १९१९ चे, गदिमा (कवी ग. दि. माडगूळकर) १ ऑक्टोबर १९१९ चे (पुलंसुद्धा त्याच वर्षीचे, नोव्हेंबरातले). जुलैचा कार्यक्रम मामांनी कॉलनीच्या हॉलमध्ये केला होता, ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी गदिमा-बाबूजींच्या तबकड्या निवडून खाली हाताशी लावून ठेवल्या होत्या. म्हणजे पुरात नेमकं काय गेलं तर निवडलेलं. ऑक्टोबरचा कार्यक्रम झालाच नाही.

तबकड्या तशा टिकल्यात. कागदी पाकिटांचा मात्र लगदा होऊन वाळलाय आणि बऱ्याचशांची लेबलं निघून गेलीत. म्हणजे हातात काळी गोल वस्तू आहे आणि त्यावर काय आहे ते ती वाजवल्याशिवाय कळणार नाही.

५ मे, रविवार

ही नोंद लिहायला लाज वाटतेय पण लॉग आहे म्हणून लिहिते. चिखल निघेना म्हणून एका तबकडीवर कापसाने स्पिरिट लावलं. दोन मिनिटांत कापूस काळा झाला, मला वाटलं वा, किती घाण निघतेय. घाण कसली, तबकडीच निघत होती. मामी दारातून ओरडली, "अगं लाख आहे ती!" फर्निचरला पॉलिश करणारा माणूस लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो हे मला माहीत होतं, म्हणजे आपल्या घरच्या कपाटाला तसं करताना मी लहानपणी समोर बसून बघितलंय, पण डोक्यात आलं नाही.

ती तबकडी गेली, निदान एक बाजू तरी. दुसऱ्या बाजूवरून कळलं की ती 'लाखाची गोष्ट' चित्रपटाची होती. दादा दिवसभर "लाखाची गोष्ट लाखमोलाची" वगैरे कोट्या करत हिंडतोय. मी गप्प.

११ मे, शनिवार

धुण्याची पद्धत ठरली: डिस्टिल्ड वॉटर, त्यात बेबी शाम्पूचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही. लेबल उरलेलं असेल तर त्यावर स्टीलची वाटी पालथी धरायची. मग ताटाळ्यात उभ्या वाळवायच्या. मामीचं ताटाळं दोन दिवस आमच्याकडे, जेवणाची ताटं ओट्यावर. आज १४ झाल्या.

१८ मे, शनिवार

मामांच्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर पुरातच गेली होती. मी पुण्याहून यूएसबीवाला टर्नटेबल आणलाय पण त्याला ३३ आणि ४५ हेच स्पीड. ७८ वाला परवडत नाही. उपाय सोपा निघाला: ४५ वर वाजवून रेकॉर्ड करायचं आणि ऑडॅसिटीत (आवाज दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर) स्पीड १.७३३ पट करायचा, ७८ भागिले ४५. रेकॉर्ड होताना बाबूजी एकदम कुंभकर्ण झोपेतून उठल्यासारखे ऐकू येतात, मामीला ऐकवेना, उठून गेली.

सुई वेगळी लागते. ७८ च्या खाचा एलपीपेक्षा कितीतरी रुंद, एलपीची सुई त्यात तळाशी जाऊन नुसता कचरा उकरते. ऑनलाइन मागवलेली पहिली सुई चुकीची आली, परत पाठवली, दुसरीची वाट बघतोय. दादाने पेटी काढून एका फाईलचा सूर जुळवून बघितला तर पांढरी आणि काळीच्या मधेच कुठेतरी. टर्नटेबल थोडा हळू फिरतोय बहुतेक. दुरुस्ती: १.७३३ च्या ऐवजी कानाने.

२६ मे, रविवार

सुई आली. आज खरं काम, ओळखणं.

लेबल नसलेल्यांना आधी नुसते नंबर दिले, मग वाजवून मुखडा लिहायचा, मग मामांच्या वहीत शोधायचं. वहीत मामांचे रकाने आहेत: मुखडा, गीत, संगीत, आवाज, चित्रपट, साल. जोडीचं गाणं असेल तर समासात 'ग+फ'. लेबलच्या कडेला लाखेतच कोरलेला नंबर असतो तोही मामांनी काही ठिकाणी उतरवून ठेवलाय, देव त्यांचं भलं करो, त्यावरून ९ तबकड्या न वाजवताच लागल्या.

आणि मग वादावादी. दादाचा नियम असा की आवाज बाबूजींचा आला की गीत गदिमांचं, लिहून टाक. मीही मनातून तसंच धरून चालले होते खरं सांगायचं तर. पण वहीत बघत गेलो तसं ते ढासळत गेलं. 'तोच चंद्रमा नभात' शांता शेळके. 'हा माझा मार्ग एकला' शांता शेळके. 'सखी मंद झाल्या तारका' सुधीर मोघे, आणि त्याला संगीतही बाबूजींचं नाही, राम फाटकांचं. 'आकाशी झेप घे रे पाखरा' खेबुडकर. सगळ्यात जोरात भांडण 'देहाची तिजोरी'वरून (ही ईपी आहे, १९७२ च्या 'आम्ही जातो आमुच्या गावा'ची), दादा शपथ घ्यायला तयार की गदिमाच. वहीत मामांनी 'जगदीश खेबुडकर' लिहून खाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्यात. म्हणजे हे भांडण या घरात आधीही झालेलं आहे.

उलट बाजूनेही तेच. 'बुगडी माझी सांडली गं' गदिमांचं, पण संगीत वसंत पवारांचं, 'सांगत्ये ऐका' पुण्यात सव्वाशेहून जास्त आठवडे चालला तो. 'या डोळ्यांची दोन पाखरे' गदिमा आणि दत्ता डावजेकर.

तेव्हा नियम ठरवला: शब्द गदिमांचे आणि चाल बाबूजींची असेल तरच जोडी. आवाज कुणाचाही असो.

या नियमाने पहिला बळी 'संथ वाहते कृष्णामाई'. शब्द गदिमांचे, आवाज बाबूजींचा, चाल डावजेकरांची. बाहेर. दादा: "सांगलीत बसून कृष्णामाईला बाहेर काढतेस? पुराचा राग काढतेस का?" मामी हसली, बऱ्याच दिवसांनी.

२ जून, रविवार

जोडीची यादी आता बरीच आटोपशीर झालीय आणि मला ती आधीच्या फुगलेल्या यादीपेक्षा जास्त आवडतेय. सालवार लावल्यावर एक गोष्ट दिसते. १९४८ ला 'वंदे मातरम्'साठी 'वेद मंत्राहून आम्हां वंद्य', १९५२ ला 'लाखाची गोष्ट'मधलं 'त्या तिथे पलिकडे', १९६० ला 'जगाच्या पाठीवर'मधलं 'बाई मी विकत घेतला श्याम', १९७० ला 'मुंबईचा जावई'मधलं 'प्रथम तुज पाहता'. प्रभातफेरीत म्हणायचं गाणं, प्रेयसीच्या झोपडीचं गाणं, देवाचा सौदा केल्याचं गाणं, आणि ते शेवटचं तर जरा वात्रटच. बावीस वर्षांत त्याच दोन माणसांनी. राजा परांजपेंसारखा दिग्दर्शक मिळाला हा त्यातला मोठा भाग, तिघांचं एकत्र जमायचं.

'प्रथम तुज पाहता' बाबूजींनी स्वतःकडे न ठेवता रामदास कामतांना दिलं हे मला फार आवडतं. कामत म्हणजे रंगभूमीचा गळा, गोव्याचे, नाट्यपद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला माणूस, आणि इथे तो गळा कसा नुसता गालात हसल्यासारखा गातो. संगीतकार गायकही असला की चांगली चाल स्वतःलाच राखून ठेवायचा मोह होत असणार. मला झाला असता.

दोघांची मुळं आमच्याच भागातली हेही यादी करताना जाणवलं. गदिमा शेटफळ्यात जन्मले, माडगूळचे, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका, दुष्काळी पट्टा. बाबूजी कोल्हापूरचे, खरं नाव रामचंद्र. गदिमा मास्टर विनायकांच्या 'हंस' चित्रपट कंपनीत काम मिळवायला कोल्हापुरात आले, 'ब्रह्मचारी'त बारीकसं काम केलं, खांडेकरांचे लेखनिक होते. आटपाडी तालुक्यातून कोल्हापूरला यायचं तर वाटेत सांगली लागणारच, असं दादाचं म्हणणं, आणि त्यावरून त्याने दोघांनाही सांगलीकर ठरवून टाकलंय.

९ जून, रविवार

आजची नोंद मोठी होणार आहे कारण आज दिवसभराचं काम उलटं फिरवावं लागलं.

सगळ्या फाईलींवर नॉइज रिडक्शन मारलं होतं. लाखेच्या तबकडीला खरखर असतेच, त्यात पुराचा गाळ, त्यामुळे भजी तळल्यासारखा आवाज. मी आकडा वाढवत गेले, वाढवत गेले, आणि शेवटी एकदम शांत, स्वच्छ. खूश होऊन मामीला हेडफोन दिले. तिने 'एक धागा सुखाचा' अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "हे बाबूजी नाहीत."

म्हटलं अगं आहेत, वहीत आहे. "आवाज त्यांचा आहे गं, पण उच्चार त्यांचे नाहीत. हे कुणीतरी तोंडात विडा धरून म्हणतंय."

परत नीट ऐकलं. बरोबर होतं तिचं. स, श, च, ख ही सगळी अक्षरं म्हणजे मुळात हवेचीच खरखर, वरच्या पट्टीतली, आणि तबकडीची खरखरही तिथेच राहते. सॉफ्टवेअरला दोन्हीतला फरक कळत नाही. त्याने तबकडीचा कचरा काढताना बाबूजींचे ऊष्मवर्णही झाडून नेले. 'सुखाचा'मधला स पार गेला, 'उखाचा' ऐकू येत होतं. 'दुःखाचे'मधला द तेवढा खालच्या पट्टीतला, तो शाबूत. म्हणजे माझ्या साफसफाईत सुख वाहून गेलं आणि दुःख जागच्या जागी. 'जग हे बंदिशाला'चं 'बंदियाला' झालं होतं.

मग मूळ फाईल लावली, भजी तळणं चालू असलेली. आणि काय सांगू, एकेक अक्षर स्वच्छ. इतक्या खरखरीतून. त्याच बॅचमधल्या दुसऱ्या एका गायकाची (नाव नको) तबकडी त्याच अवस्थेतली आहे, त्यातले शब्द मला तीनदा ऐकून लागत नाहीत. बाबूजींचे पहिल्या फटक्यात लागतात. श्वास कुठे घेतात तेही बघितलं वेव्हफॉर्मवर, कवितेत आपण वाचताना जिथे थांबू तिथेच, शब्दाच्या पोटात कुठेही नाही.

मला वाटतं या जोडीची गोम इथेच आहे आणि ती मला सुईने आणि सॉफ्टवेअरने शिकवली. गदिमांचे शब्द बोलण्यातले असतात, ऐकताक्षणी कळावेत असे, आणि समोरच्याने त्यांना चाल लावताना एकच पथ्य पाळलंय की शब्द आधी पोचला पाहिजे. चाल कितीही गोड असो, ती शब्दाच्या अंगावर बसत नाही. चांगल्या चालीत शब्द गुदमरलेली गाणी आपल्याकडे काय कमी आहेत?

निर्णय: नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या वर नाही. टकटक आवाज (चिरेवरून सुई जाताना येतो तो) फक्त हाताने एकेक काढायचे. खरखर राहू दे. ३१ फाईली परत करायच्या. दादा म्हणाला मी चहा करतो, ही त्याची आजवरची सर्वांत मोठी मदत.

१५ जून, शनिवार

परत केलेल्या: ११. दमट हवेमुळे एलपींच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, उन्हात ठेवायला ऊन नाही. कपाटात चुन्याची पुरचुंडी ठेवली.

२३ जून, रविवार

आज गीतरामायण. एलपी वरच्या कप्प्यात होत्या म्हणून शाबूत, लेबलांसकट. धुवायचंही काम नाही फारसं.

वहीत गीतरामायणाला वेगळी आठ पानं आहेत. मामांनी वर लिहिलंय: पुणे आकाशवाणी, १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६, गाणी ५६. मला लहानपणापासून प्रश्न होता की वर्षाचे आठवडे ५२, मग गाणी ५६ कशी. आज तारखा स्प्रेडशीटमध्ये टाकून बघितल्या. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला होता, त्यामुळे एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत ३८४ दिवस झाले. १ एप्रिल १९५५ शुक्रवार. दर शुक्रवारी एक असं मोजलं तर १३ एप्रिल १९५६ पर्यंत ५५ शुक्रवार येतात, आणि १९ तारखेची रामनवमी गुरुवारी, तिचं एक. ५६! इतका चोख हिशोब बसल्यावर मी एकटीच टाळी वाजवली.

पण हिशोब सोडून विचार केला तर धडकी भरते. दर आठवड्याला एक नवीन गाणं, लिहायचं, चाल लावायची, गायक ठरवायचा, बसवायचं, आणि पुढचा शुक्रवार काही थांबत नाही. तेही दोघांची सिनेमाची कामं चालू असताना. आकाशवाणीवरच्या सीताकांत लाडांची ही कल्पना. पहिल्याच गाण्याचा कागद ऐनवेळी हरवला आणि गदिमांना खोलीत बसवून परत लिहून घ्यावं लागलं हा किस्सा दर घरात जरा वेगळा सांगतात, मामांच्या तपशिलात खोलीला बाहेरून कडी होती. मला तो खरा असावासा वाटतो, कारण ऑफिसमध्ये डेडलाईनला आम्हालाही तसंच कोंडतात.

मामी तेव्हा साताऱ्यात, आठ वर्षांची. त्यांच्याकडे रेडिओ नव्हता. शेजारच्या वकिलांच्या खिडकीखाली बायका पाट घेऊन बसायच्या, ती आईबरोबर. वकिलीणबाई रेडिओला हार घालायच्या. "आणि 'राम जन्मला'च्या दिवशी सुंठवडा वाटला त्यांनी, रेडिओवर राम जन्मला म्हणून!" मी विचारलं की तुला तेव्हा शब्द कळायचे का, आठ वर्षांची होतीस. म्हणाली, "सगळे. म्हणून तर पाठ आहेत." आणि 'पराधीन आहे जगती' ओट्याशी भाजी चिरता चिरता दहाच्या दहा कडवी म्हणाली, एकदाही न अडता. मी फोनवर रेकॉर्ड केलं, तिला न सांगता. फाईलला नंबर दिलाय, प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच आहे.

७ जुलै, रविवार

३१ पैकी ३१ परत झाल्या. जोडीच्या यादीत दोन दुरुस्त्या वहीवरून. दादाने मधल्या काळात स्वतःहून कॅसेटी मोजल्या: ११८. जमाखर्चात लिहून ठेवते.

१७ जुलै, बुधवार, आषाढी (पुण्याहून)

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर 'इंद्रायणी काठी' सहा जणांनी टाकलं, त्यातल्या चौघांनी खाली 'संत तुकाराम महाराज' लिहिलंय. मी लिहिलं की हे गदिमांचं आहे, १९५३ च्या 'गुळाचा गणपती'तलं, चाल पुलंची, गायलेत भीमसेनजी. काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि परत तेच गाणं तुकारामांच्या नावाने पुढे पाठवलं. जाऊ दे. सिनेमाच्या गाण्याला लोक अभंग समजतात याहून मोठी पावती कवीला काय मिळणार. आपल्या यादीत मात्र ते नाही, चाल बाबूजींची नव्हे. जोडीचा विठ्ठल म्हणजे १९६१ च्या 'प्रपंच'मधलं 'विठ्ठला तू वेडा कुंभार', तबकडी क्र. २२, लेबल नाही, एक चीर आहे, टकटक अजून ऐकू येते. कुंभाराचं चाक फिरल्यासारखी एका लयीत येते म्हणून मी ती मुद्दाम नीट काढली नाही.

२१ जुलै, रविवार, सांगली

पेनड्राईव्हवर सगळं भरलं. मामी म्हणाली क्रम तुमच्या सालाप्रमाणे नको, मामांनी ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला लावला होता तसा लाव. तो वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने आहे, १८ गाणी, मध्यंतराची खूणसुद्धा. १८ पैकी १७ आपल्याकडे आहेत. नसलेलं एक म्हणजे मी ५ मे ला स्पिरिटने पुसलेलं. ते मामीला आत्ता सांगितलं. तिला आधीच माहीत होतं, दारातून ओरडली तेव्हाच तिने तबकडी ओळखली होती.

मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं मामांनी 'का रे दुरावा, का रे अबोला' ठेवलंय, आणि शेजारी कंसात 'यावर बोलणे'. बहुतेक दोघांचं मधूनमधून बिनसायचं त्याबद्दल बोलणार असतील. काय बोलणार होते ते पानावर नाही.

२५ जुलै, गुरुवार

आज बाबूजींचा जन्मदिवस, पण रजा मिळाली नाही. संध्याकाळी दादाने कॉल लावून फोन स्पीकरशेजारी ठेवला. खालच्या मजल्यावरच्या आजी आणि त्यांची सून आल्या होत्या, पाच माणसं एकूण. खरखरीबद्दल कुणी काही बोललं नाही. अठराव्या गाण्याच्या जागी मामीने स्वतः म्हटलं.

राहिलेलं: तबकडी क्र. ३७, दुसरी बाजू. बाईचा आवाज, मुखडा वहीत सापडत नाही, कोरलेला नंबरही अर्धा झिजलाय. पुढच्या शनिवारी भिंगाने बघणे. सुई बदलणे. कॅसेटी सुरू करणे.